घड्याळ मागे, सायकल अंधारात



इंग्लंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळं तासभर मागे घेतात. दोनाचे पुन्हा एक वाजतात. त्या आठवड्यात शेजारी, दुकानदार, ऑफिसातले लोक, सगळे एकमेकांना हेच सांगत असतात की यंदा रविवारी तासभर जास्त झोपायला मिळणार. मिळतंही. पण त्या झोपेची किंमत सोमवारी संध्याकाळी वसूल होते, आणि ती सगळ्यांत आधी सायकलवाल्याकडून.

मी लंडनला नोकरीत होतो तेव्हा ग्रीनिचच्या बाजूला राहायचो आणि सायकलने टूली स्ट्रीटला कामाला जायचो. ग्रीनिच म्हणजे तेच, जिथली वेळ प्रमाण धरून सारं जग आपली घड्याळं लावतं. आणि मजा पाहा, मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत, म्हणजे वर्षातले सात महिने, खुद्द ग्रीनिच गावात ग्रीनिचची वेळ चालत नाही! तिथे तेव्हा उन्हाळी वेळ चालते, एक तास पुढची.

आता त्या सोमवारचं सांगतो. आधीच्या शुक्रवारी सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळलेला असतो. साडेपाचला ऑफिसातून बाहेर पडलं तर निम्म्या वाटेपर्यंत उजेड पुरतो आणि उरलेल्या वाटेला संधिप्रकाश. सोमवारी तोच सूर्य पावणेपाचच्या आतच गेलेला. साडेपाचला खाली सायकलपाशी यावं तर मिट्ट काळोख, बहुधा पाऊसही. रस्ता तोच, गर्दी तीच, पण त्या गर्दीतल्या एकाच्याही डोळ्यांना अंधाराची सवय झालेली नाही. काळे कोट घातलेले पायी चालणारे लोक फोनकडे पाहत फुटपाथवरून खाली उतरतात. मोटारवाल्यांनी मार्चपासून घरी जाताना दिवे लावलेले नसतात. आणि सायकलवाले? निम्म्यांचे दिवे घरी ड्रॉवरमध्ये असतात. सीटखालच्या दांड्याला लाल दिवा बांधायचा रबरी पट्टा सहा महिन्यांत सुकून तडकलेला असतो, तो ताणायला जावं तर हातात तुटून येतो. मग कुणी तो दिवा पाठीवरच्या पिशवीला अडकवतो. पिशवी लोंबते आणि दिवा मागच्या गाडीला दिसण्याऐवजी रस्त्यावरचे खड्डे दाखवत जातो.

तिथला कायदा मात्र घड्याळाकडे पाहत नाही. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लागलेला हवा, शिवाय मागे लाल रिफ्लेक्टर आणि पेडलला पिवळे. सायकल म्हणजे कायद्याने एक गाडीच, हे तिकडे 1888 साली ठरलं. तेव्हाचा नियम होता की सूर्यास्तानंतर एक तासाने कंदील लावायचा आणि सूर्योदयाआधी एक तास तो विझवायचा. दिवे लावायच्या वेळा पुढे कितीतरी वर्षं वर्तमानपत्रांत आणि खिशातल्या डायऱ्यांमध्ये छापून यायच्या, आपल्याकडे पंचांगात सूर्योदय-सूर्यास्त छापतात तशा. सायकलवाल्याला संध्याकाळी किती वाजले यापेक्षा सूर्य कधी मावळणार हे ठाऊक असणं जास्त गरजेचं, असं त्या काळी सगळे धरूनच चालत.

मग ही घड्याळाची ढकलाढकली आली कुठून? न्यूझीलंडमध्ये जॉर्ज हडसन नावाचे एक गृहस्थ होते. पोस्टात नोकरी, आणि छंद किडे गोळा करायचा. ड्यूटी संपल्यावर किडे शोधायला उजेड उरावा म्हणून 1895 साली त्यांनी घड्याळ दोन तास पुढे करायची सूचना मांडली. लोक हसले. पुढे तीच कल्पना लंडनजवळच्या विल्यम विलेट या घरबांधणी करणाऱ्या कंत्राटदाराला स्वतंत्रपणे सुचली. विलेट सकाळी घोड्यावरून रपेट करायचे. उन्हाळ्यात चांगलं लख्ख उजाडलेलं, तरी घराघरांचे पडदे ओढलेले. एवढा उजेड वाया घालवायचा? 1907 मध्ये त्यांनी स्वखर्चाने एक पुस्तिका छापली आणि खासदारांच्या मागे लागले. त्यांच्या हयातीत संसदेने काही ऐकलं नाही. 1915 मध्ये ते वारले. दुसऱ्या वर्षी महायुद्धात कोळसा वाचवायला जर्मनीने 30 एप्रिलला घड्याळं पुढे केली. जर्मनी करतंय म्हटल्यावर इंग्लंडनेही तीन आठवड्यांत, 21 मे 1916 ला, तेच केलं. जी गोष्ट घरचा माणूस आठ वर्षं सांगून पटवू शकला नाही, ती शत्रूने एका रात्रीत पटवली!

विलेट जिथे रपेट करायचे त्या पेट्स वूडच्या रानात त्यांच्या नावाचं एक सूर्यघड्याळ उभं केलेलं आहे. मी सायकलने तिथे गेलो होतो. शिळेवरचे आकडे असे कोरलेत की सावली उन्हाळी वेळ दाखवते. म्हणजे हिवाळ्यात हे सूर्यघड्याळ तासभर पुढे! गावात डेलाइट इन नावाचा एक पबसुद्धा आहे. तिथे संध्याकाळी उशिरापर्यंत बाहेर उन्हात बसलेली माणसं पाहिली की विलेट यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं असं वाटतं.

चूक नव्हतंच. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि लंडनचा सूर्यास्त साडेसहाच्या अलीकडून एकदम साडेसातपर्यंत सरकतो. इंग्लंडमधल्या सायकल क्लबांचं अर्धं आयुष्य या एका तासावर चालतं. उन्हाळ्यात आठवड्यातल्या एका संध्याकाळी दहा मैलांची शर्यत असते. ऑफिस सुटल्यावर सात-साडेसातला स्पर्धक एकेक मिनिटाच्या अंतराने सुटतात, पाठीवर नंबर लावलेला, रस्त्याच्या कडेला घड्याळ घेऊन बसलेले दोन-तीन म्हातारे सभासद. शर्यत संपून चहा, केक आणि वेळांवरून वाद होतो तरी अजून दिसत असतं. याच शर्यती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भल्या पहाटे व्हायच्या. पोलिसांचं आणि घोडागाडीवाल्यांचं लक्ष जाऊ नये म्हणून स्पर्धक गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालून, रस्त्याचं नावसुद्धा सांकेतिक ठेवून, गुपचूप सुटायचे. संध्याकाळचा उजेड हाताशी आल्यावर नोकरदार माणसाला आठवड्याच्या मधल्या वारीही शर्यत परवडू लागली.

घरातल्या दिनक्रमाचं तर विचारू नका. माझी आई पुण्याला. हिवाळ्यात भारत साडेपाच तास पुढे, उन्हाळ्यात साडेचार. मी दुपारी साडेतीनला फोन करायचो तो तिला उन्हाळ्यात आठला पोचायचा, तिच्या जेवणाआधी. नोव्हेंबरात तोच फोन नऊला, ती आडवी व्हायच्या बेतात. “तुमचं घड्याळ काय वाऱ्यावर हलतं का रे?” असं ती विचारायची. 2019 साली नरकचतुर्दशी नेमकी घड्याळ मागे घ्यायच्या रविवारी आली. पहाटे उठून पहिली आंघोळ करायची, आणि त्याच पहाटे सरकारकडून एक तासाची सूट! लंडनच्या मराठी घरांत त्या दिवशी सरकारबद्दल बरंच चांगलं बोललं गेलं.

तर मग उन्हाळी वेळच बारा महिने का ठेवू नये? हाही प्रयोग करून झालाय. 1968 ते 1971 ब्रिटनने घड्याळ मागे घेतलंच नाही. संध्याकाळचे अपघात कमी झाले, सकाळचे वाढले, एकूण हिशेब बराचसा फायद्याचा निघाला. पण दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची श्वासचाचणी 1967 मध्येच सुरू झाली होती, त्यामुळे श्रेय नेमकं कुणाचं यावर भांडण राहिलं. आणि स्कॉटलंडचे लोक चिडले. डिसेंबरात ग्लासगोला एरवीच पावणेनऊला उजाडतं, ते पावणेदहाला उजाडू लागलं. पोरं दंडाला चमकत्या पट्ट्या बांधून अंधारात शाळेला जायची. 1970 च्या डिसेंबरात संसदेने 366 विरुद्ध 81 मतांनी प्रयोग गुंडाळला. युरोपच्या संसदेनेही 2019 मध्ये ही वेळबदलाची प्रथा बंद करायच्या बाजूने मत दिलं, पण मग कुठली वेळ कायम ठेवायची यावर देशांचं जमेना, ते तसंच पडून राहिलं.

माझं मत विचाराल तर त्रास अंधाराचा नाही. हिवाळ्यात तिथे अंधार असणारच, डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो, त्याला कुठलंही घड्याळ काय करणार? त्रास आहे तो एका रात्रीत मारलेल्या उडीचा. ऑक्टोबरात तिथला सूर्यास्त रोज दोनेक मिनिटांनी अलीकडे येत असतो. माणसाला ते कळत नाही, डोळे जमवून घेतात. रविवारी मात्र महिनाभराचा अंधार एकदम अंगावर येतो. मूळ योजनेत विलेट यांनी हे ओळखलं होतं. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं पुढे, सप्टेंबरच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं मागे, असं त्यांनी सुचवलं होतं. संसदेच्या चर्चेत हे टप्पे गळाले आणि एका तासाची एकच उडी उरली. रेल्वेच्या वेळापत्रकाला ती सोयीची, रस्त्यावरच्या माणसाला नाही. विलेट यांच्या पुस्तिकेतली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट नेमकी तीच होती असं मला वाटतं.

आपल्याकडेही हे एकदा होऊन गेलंय, आता फारसं कुणाला आठवत नाही. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर 1942 पासून ऑक्टोबर 1945 पर्यंत भारताचं घड्याळ एक तास पुढे होतं. म्हणजे पुण्यात डिसेंबरात सूर्य आठला उगवत असणार. युद्ध संपलं, घड्याळ परत आलं, आणि नंतर ते कुणी हलवलं नाही. बरोबरच केलं. पुण्यात सगळ्यांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यांत लहान अकरा तासांचा. इकडचा तिकडे करायला आपल्याकडे उजेड उरतोच कुठे?

पण सव्वासहा-साडेसहाचा डिसेंबरातला अंधार आपल्याकडेही असतो. ज्यांनी जुनं पुणं पाहिलंय त्यांना ठाऊक असेल, बिनदिव्याच्या सायकलवर पोलीस पकडायचा. चौकात टोपी दिसली की खाली उतरून, सायकल हातात धरून, आपण पायीच चाललोय असा चेहरा करून जायचं! टायरला घासून चालणारा डायनॅमो घरघरायचा, पेडल जड व्हायचं, पण पुढे उजेड पडायचा. आज महागातली महाग सायकल विनादिवा मिळते आणि कुणी अडवत नाही.

तेव्हा ज्यांची मुलं-नातवंडं इंग्लंडला सायकल चालवतात, त्यांनी ऑक्टोबरच्या त्या रविवारी फोन केला तर झोप झाली का विचारण्याआधी दिवे चार्ज केलेत का ते विचारावं. आणि आपल्याकडे पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात जे संध्याकाळी सायकलने घरी येतात, त्यांनी दिवाळीच्या खरेदीत एक लाल दिवा घ्यावा, सीटखालच्या दांड्याला घट्ट बांधावा, आणि तो मागच्याला दिसतोय की नाही हे एकदा दुसऱ्या कुणाला मागे उभं करून पाहून घ्यावं.