‘त्याला सांगू नका’

कॅन्सर झाला, की ‘त्याला सांगू नका’ अशी कुजबूज घरात सुरू होते. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा, संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ नेमका इथेच थांबून विचार करतो. २००४ च्या या चित्रपटामागे पुण्यात घडलेली घटना आहे. कोकणातल्या लहानग्या परशुरामला डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर होतो. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. हे त्याला आधी सांगायलाच हवं, असा डॉक्टरांचा आग्रह. आजोबांची जीभ मात्र रेटत नाही.

कॅन्सरला चिकटवलेले कलंकाचे अर्थ रुग्णाचा त्रास वाढवतात, असं अमेरिकी लेखिका सुझन सोन्टॅग यांनी १९७८ मध्येच मांडलं होतं. ‘श्वास’मध्ये आजार म्हणजे पापाचं फळ नाही; आणि रुग्ण लहान असला, तरी खरं कळण्याचा हक्क त्याचाच आहे.