शालेय समुपदेशन आणि अर्थसंकल्पाची कात्री

दहावीचा निकाल जाहीर झाल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत देशातील लक्षावधी विद्यार्थ्यांना विज्ञान, वाणिज्य, कला की तंत्रशिक्षण, याचा निर्णय घ्यावा लागतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी घेतलेल्या या निर्णयाचा परिणाम पुढील चाळीस वर्षांच्या कमाईवर होतो. अशा वेळी विद्यार्थ्याचा कल, त्याची क्षमता आणि उपलब्ध संधी यांचा मेळ घालून देणारी प्रशिक्षित व्यक्ती शाळेत असावी, हे तत्त्व भारताने स्वातंत्र्यानंतर लवकरच स्वीकारले. प्रत्यक्षात मात्र निधी अपुरा पडू लागला की ज्या सेवा प्रथम आक्रसतात, त्यांत मार्गदर्शन व समुपदेशनाचा समावेश असतो. असे का घडते आणि त्याची किंमत कोण मोजते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

जुना संकल्प, तोकडी तरतूद

डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) शाळांमध्ये शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाची शिफारस केली. १९५४ मध्ये केंद्र शासनाने या कार्यासाठी एक केंद्रीय विभाग दिल्लीत सुरू केला. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या शिक्षण आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन हा शिक्षणाचाच अविभाज्य भाग असल्याचे सांगून त्याची सुरुवात प्राथमिक स्तरापासून व्हावी, अशी भूमिका घेतली. सर्व शाळांना पूर्णवेळ समुपदेशक देणे त्या काळी शक्य नव्हते, याची आयोगाला जाणीव होती. म्हणून दर दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक, असा किमान कार्यक्रम आयोगाने सुचविला.

या किमान कार्यक्रमाचे गणित मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. एका माध्यमिक शाळेत सरासरी ३०० विद्यार्थी आहेत असे गृहीत धरले, तर दहा शाळांमागे एक म्हणजे ३,००० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक होतो. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांच्या संघटनेने २५० विद्यार्थ्यांमागे एक असे प्रमाण सुचविले आहे. म्हणजेच कोठारी आयोगाची अपेक्षा त्या निकषाच्या बाराव्या हिश्श्याइतकीच होती. एवढी माफक अपेक्षाही सहा दशकांत देशभर सार्वत्रिक होऊ शकली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळा संकुलांच्या माध्यमातून समुपदेशकांची सेवा अनेक शाळांना मिळावी, असे म्हटले आहे. कोठारी आयोगाच्या फिरत्या समुपदेशकाचीच ही नवी आवृत्ती होय.

कपात कशी होते?

अर्थसंकल्पातील प्रत्येक कपात जाहीर केली जात नाही. राज्यांच्या महसुली खर्चात वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज हा वचनबद्ध खर्च असतो. तो टाळता येत नाही. तूट आटोक्यात आणायची झाल्यास काटकसरीचा भार उरलेल्या लहान तरतुदींवर येतो. मंजूर पद रिक्त ठेवणे, पूर्णवेळ पदाचे अर्धवेळ मानधनात रूपांतर करणे, किंवा विषय शिक्षकाकडेच मार्गदर्शनाचा अतिरिक्त कार्यभार सोपविणे, हे त्याचे तीन प्रचलित मार्ग आहेत. या तिन्ही मार्गांत योजना कागदावर कायम राहते. त्यामुळे विधिमंडळात किंवा वृत्तपत्रांत त्याची चर्चा होत नाही.

दुसरे कारण लेखाशीर्षाचे आहे. समग्र शिक्षा ही २०१८ मध्ये सुरू झालेली केंद्रपुरस्कृत योजना असून तिच्या खर्चाचा वाटा केंद्र व बहुतेक राज्यांत ६०:४०, तर ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांत ९०:१० असा आहे. २०२०-२१ च्या अर्थसंकल्पीय अंदाजात या योजनेसाठी सुमारे ३८,७५० कोटी रुपयांची तरतूद होती. सुधारित अंदाजात ती सुमारे २७,९५७ कोटींवर आली. त्याच वर्षी जुलै महिन्यात, टाळेबंदीने विद्यार्थ्यांवर आलेला ताण लक्षात घेऊन केंद्र शासनाने ‘मनोदर्पण’ हा उपक्रम सुरू केला. म्हणजे ज्या वर्षी मानसिक आधाराची गरज सर्वमान्य झाली, त्याच वर्षी शाळांच्या प्रमुख योजनेचा निधी आटला. एवढ्या मोठ्या योजनेत मार्गदर्शन हा अनेक घटकांपैकी एक लहानसा घटक असतो. एकूण रकमेत घट झाली की पाठ्यपुस्तके, गणवेश व शिक्षकांचे वेतन यांना प्राधान्य मिळणे स्वाभाविक आहे.

तिसरे कारण परिणामांच्या स्वरूपात आहे. वर्गखोली बांधली नाही तर ती उणीव डोळ्यांना दिसते. समुपदेशक नसल्यामुळे चुकीची शाखा निवडलेला विद्यार्थी मात्र कोणत्याही अहवालात दिसत नाही. बचत त्याच वर्षाच्या हिशेबात नोंदली जाते. नुकसान अनेक वर्षांनी, अन्य खात्यांत आणि बहुतांशी कुटुंबांच्या पदरात पडते.

परदेशातील दोन अनुभव

इंग्लंडमध्ये २००१ पासून ‘कनेक्शन्स’ ही सार्वजनिक मार्गदर्शन सेवा कार्यरत होती. २०११ च्या शिक्षण कायद्याने मार्गदर्शनाची जबाबदारी शाळांवर टाकली आणि सप्टेंबर २०१२ पासून ती लागू झाली. जुन्या सेवेवर होणारा सुमारे २० कोटी पौंडांचा वार्षिक खर्च मात्र शाळांकडे वर्ग झाला नाही. एक वर्षानंतर शाळा तपासणी करणाऱ्या ‘ऑफस्टेड’ या संस्थेने ६० शाळांची पाहणी केली, तेव्हा केवळ १२ शाळांत सर्व विद्यार्थ्यांना पुरेसे मार्गदर्शन मिळत असल्याचे आढळले. निधीविना सोपविलेले कर्तव्य कितपत पार पडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

कॅलिफोर्नियाचा अनुभव वेगळा असला तरी तितकाच महत्त्वाचा आहे. तेथे २००६ मध्ये सातवी ते बारावीच्या समुपदेशनासाठी २० कोटी डॉलरची राखीव तरतूद करण्यात आली. मंदीनंतर २००९ मध्ये हा निधी अन्य शैक्षणिक कामांसाठीही वापरण्याची मुभा जिल्ह्यांना मिळाली. पुढील काही वर्षांतच तेथे एका समुपदेशकामागे १,००० हून अधिक विद्यार्थी, अशी स्थिती निर्माण झाली. लवचीकता हे प्रशासनातील चांगले तत्त्व आहे; परंतु ज्या सेवेचा पाठपुरावा करणारे कोणी नसते, तिच्यासाठी लवचीकता हीच कपात ठरते.

समुपदेशनाचा लाभ मोजता येत नाही, हा आक्षेपही आता टिकणारा नाही. फ्लोरिडातील एका जिल्ह्याविषयी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समुपदेशकामागील विद्यार्थिसंख्या कमी झाल्यास शिस्तभंगाच्या घटना घटतात, असे दिसून आले. मॅसॅच्युसेट्सविषयीच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रिस्टीन मुलहर्न यांच्या संशोधनानुसार चांगल्या समुपदेशकाचा विद्यार्थ्याच्या शिक्षणपूर्तीवर होणारा परिणाम चांगल्या शिक्षकाच्या परिणामाशी तुलना करण्याजोगा आहे.

भार कोणावर?

शासकीय सेवा आक्रसली तरी मार्गदर्शनाची गरज संपत नाही. ती बाजाराकडे वळते. सुशिक्षित पालकांच्या मुलाला घरीच सल्ला मिळतो. सधन कुटुंब खासगी समुपदेशकाचे शुल्क भरते. शेतमजुराच्या किंवा ऊसतोडणी कामगाराच्या, शाळेत जाणाऱ्या पहिल्याच पिढीतील मुलीला मात्र शाळेबाहेर विचारण्याजोगे कोणीही नसते. शिष्यवृत्ती, वसतिगृह, तंत्रनिकेतन, प्रवेशपरीक्षा हे शब्दही तिच्यापर्यंत उशिरा पोहोचतात. म्हणून समुपदेशनातील कपात सर्वांवर सारख्या प्रमाणात पडत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा प्रतिगामी भार आहे: ज्याचे उत्पन्न कमी, त्याचे नुकसान अधिक.

केवळ चाचण्यांनी ही उणीव भरून निघत नाही. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेण्यात आली. अशी चाचणी अल्प खर्चात सर्वांपर्यंत नेता येते, हे तिचे बलस्थान आहे. परंतु अहवालाचा अर्थ विद्यार्थ्याला आणि पालकांना समजावून सांगण्यासाठी, त्यांच्या शंका ऐकण्यासाठी माणूसच लागतो.

या प्रश्नाची आणखी एक गंभीर बाजू आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. प्रत्येक घटनेमागील कारणे वेगळी व गुंतागुंतीची असतात. समुपदेशक नसल्यामुळेच त्या घडल्या, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तथापि संकटातील विद्यार्थ्याला वेळेवर ओळखणारी व्यवस्था शाळेत असणे आवश्यक आहे, याबाबत दुमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणी २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक नेमावा, असे म्हटले आहे.

पुढील दिशा

न्यायालयाच्या निर्देशाला निधीची जोड मिळाली नाही, तर इंग्लंडचीच पुनरावृत्ती होण्याचा धोका आहे. म्हणून काही उपाय तातडीने विचारात घ्यावयास हवेत. समुपदेशनासाठी स्वतंत्र उपलेखाशीर्ष असावे, म्हणजे तरतूद, सुधारित अंदाज व प्रत्यक्ष खर्च यांची तुलना करता येईल. लहान शाळांसाठी दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक हा किमान कार्यक्रम शाळा संकुलांमार्फत अमलात आणावा. एखाद्या जिल्ह्यात २०० माध्यमिक शाळा असतील, तर त्यासाठी केवळ २० पदे लागतील. शाळांच्या वार्षिक आकडेवारीत समुपदेशकांच्या भरलेल्या व रिक्त पदांची जिल्हानिहाय नोंद प्रसिद्ध व्हावी. शिक्षकांना प्राथमिक समुपदेशनाचे प्रशिक्षण अवश्य द्यावे. मात्र तो समुपदेशकाला पर्याय मानू नये.

विद्यार्थी मित्रहो, शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आला. त्यामुळे ही जबाबदारी केंद्र व राज्ये यांची सामायिक आहे. उद्या प्रशासनात जाऊन अंदाजपत्रके तयार करण्याची वेळ तुमच्यावर येईल, तेव्हा लहान रकमेच्या तरतुदींवर लेखणी चालविण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: येथे वाचविलेला रुपया खरोखर वाचतो, की तो एखाद्या गरीब कुटुंबाच्या खात्यावर खर्च म्हणून टाकला जातो? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मिळाल्याखेरीज त्या तरतुदीला हात लावू नये.