पायाच्या मुंग्या आणि साखरेची गोळी

आज आम्ही एका चपलेची गोष्ट सांगणार आहोत.

आमच्या ओळखीचे एक आबा आहेत. माळकरी माणूस. वय पासष्टीच्या पुढे. साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह, होऊन दहा वर्षे झाली. गोळी कधी चुकवली नाही. एक दिवस शेतावरून घरी आले, तर डाव्या पायात चप्पलच नाही! वाटेत कुठे निसटली ते त्यांना कळलेच नाही. नातवंडे हसली. आबा काही हसले नाहीत.

पायाला मुंग्या तर वर्षभर येत होत्या. रात्री तळवे जळायचे. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा. जीभ लाल झाली, तिखट सोसेना. सगळे म्हणत, "आबा, साखर आहे ना, मग असं व्हायचंच." एका दवाखान्यातही हेच सांगितले. आम्हीही तेच म्हणालो होतो. ती आमची चूकच झाली.

साखर वाढली की पायाच्या नसा बिघडतात, हे खरे. पण आबांचे रक्त तपासले, तेव्हा दुसराही चोर सापडला. त्यांच्या अंगात 'बी बारा' नावाचे जीवनसत्त्व फार कमी झाले होते.

हे बी बारा रक्त तयार व्हायला लागते. विजेच्या तारेवर जसे वेष्टण असते, तसे आपल्या नसांवरही असते. ते नीट राहायलाही बी बारा लागते. किती लागते म्हणाल, तर रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे १०,००,००० भाग करा, त्यातले दोन-अडीच! पण तेवढे मिळाले नाही, तर चालता माणूस बसून राहू शकतो.

भाकरीत ते नाही. डाळीत नाही, मेथीच्या भाजीत नाही. ते जंतू तयार करतात. गाय-म्हैस रवंथ करते, तिच्या पोटात हे जंतू असतात. तिथून ते दुधात उतरते. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून आपल्याला मिळते. माळकऱ्याला दूध-दही हाच आधार. आणि दूध तर आपण डेअरीला घालतो! घरात राहते ते चहापुरते.

आता गोळीकडे येऊ. मधुमेहावर जी गोळी फार लोकांना देतात, तिचे नाव मेटफॉर्मिन. औषध चांगले आहे, स्वस्त आहे. पण आतड्याच्या शेवटच्या भागात बी बारा शोषले जाते, तिथे ही गोळी आडवी येते. त्रास लगेच होत नाही. आपल्या यकृतात बी बाराचा साठा असतो, कणगीतल्या धान्यासारखा. तो काही वर्षे पुरतो. नवे येणे कमी झाले, की कणगी हळूहळू रिकामी होते. गोळीचे प्रमाण मोठे, वर्षे जास्त, तितका धोका जास्त. त्यात कोणी पित्ताची गोळीही रोज घेत असेल, तर आणखी.

मग गोळी बंद करायची का? मुळीच नाही! साखर वाढली तर डोळे, मूत्रपिंडे, पाय, सगळ्यांवरच घाला येतो. डॉक्टरांना एवढेच विचारा, "ही गोळी मी इतकी वर्षं घेतोय. माझं बी बारा तपासायचं का?" कमी निघाले तर सुई किंवा गोळ्या देतात. रक्तवाढीच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नका. त्यांत फॉलिक ॲसिड असते. त्याने रक्त सुधारलेले दिसते, आणि नसा आतून बिघडतच राहतात.

आबा आधी सुई घेईनात. "त्यात मटणाचं काही असलं तर? गळ्यात माळ आहे." प्रश्न रास्त होता. आम्ही डॉक्टरांना विचारले. हे औषधही कारखान्यात जंतूंकडूनच करवून घेतात, मटणातून काढत नाहीत. मग आबांनी दंड पुढे केला.

जिभेची आग महिन्याभरात थांबली. तोलही सावरला. डाव्या पायाची बोटे मात्र अजून बधिर आहेत, कारण उशीर झाला होता. आबा आता मागे पट्टा असलेली चप्पल घालतात. रात्री सूनबाई दिव्याखाली त्यांचे तळवे पाहते, काटा रुतला नाही ना म्हणून. आणि डेअरीला जाण्याआधी चरवीतले पेलाभर दूध घरात काढून ठेवते.