मुका मार

(कोल्हापुरातल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



अत्याचारविरोधी कायद्यावर वकील मित्र माझ्यानंतर बोलतील. मी त्या कायद्याच्या कागदात न मावलेल्या जखमेवर बोलणार आहे.

आमच्या गावात भीमजयंतीच्या मिरवणुकीवर दगड आले. गावाचं नाव सांगत नाही, केस चालू आहे. चुलत्याला माझ्या डोळ्यांदेखत काठ्यांनी झोडपलं. मी ट्रॉलीखाली लपलो. डॉक्टरी दाखल्यावर चुलत्याच्या नावापुढं लिहिलं, 'मुका मार'. माझ्या नावाचा दाखलाच नाही, कारण मला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण पुढं तीन वर्षं मी धड झोपलो नाही. दूधवाल्याची किटली आपटली तरी छातीत धडधड. हलगी ऐकली की दरदरून घाम. गावाचा रस्ता टाळायला मी दोन मैलांचा वळसा घ्यायचो. चुलता महिन्याभरात उठून कामाला लागला. मी काही उठलो नाही.

चुलती म्हणाली, बाहेरचं आहे, उतारा टाका. गल्लीतला एकजण म्हणाला, रत्नागिरीला न्या ह्याला. आणि आपले कार्यकर्ते? ते हसले. चळवळीच्या पोराला मनाचा डॉक्टर कशाला, ही पांढरपेशांची चैन आहे, म्हणाले. तालमींचं शहर हे. इथं अंगाला माती लागलेली चालते, डोळ्याला पाणी आलेलं चालत नाही.

त्या कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलेलं नव्हतं. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशांच्या धर्मशाळेतून बाहेर काढलं. दारात डझनभर माणसं काठ्या घेऊन उभी. अठरा वर्षं उलटली तरी ते दृश्य पुसलं गेलेलं नाही, ते आठवलं की आजही डोळ्यांत पाणी येतं, असं बाबासाहेब स्वतः लिहितात. आता कोण म्हणतो रडणारा भेकड असतो?

ह्या दुखण्याला नाव आहे. आघातोत्तर तणाव विकार, डॉक्टर लोक पीटीएसडी म्हणतात. १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं ते आपल्या यादीत घेतलं. फुकटात नाही घेतलं. व्हिएतनामहून परतलेले, युद्धाच्या विरोधात उभे राहिलेले सैनिक १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये गट करून बसायचे, एकमेकांना आपलं सांगायचे. त्यांच्याबरोबर बसणाऱ्या काही डॉक्टरांनी हा लढा संघटनेपर्यंत नेला. म्हणजे आजाराचं नावसुद्धा चळवळीनं मिळवलेलं आहे.

मी पहिल्यांदा गेलो एका खासगी डॉक्टरकडं. त्यानं आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. सगळं ऐकून म्हणाला, तुम्ही लोक जुनं फार उकरता, विसरा आता. झोपेच्या गोळ्या दिल्या. झोप आली, पण स्वप्नातली काठी तशीच राहिली. त्या दिवशी मला दुसऱ्यांदा मुका मार बसला.

दुसऱ्या खेपेला शहाणा झालो होतो. गोळ्या लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ. बोलून उपचार करतो तो चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंद असते. ती विचारायला लाजायचं नाही, कारण समुपदेशक म्हणून पाटी कुणीही लावतं. आणि मी सरळ विचारलं, जातीमुळं मार खाल्लेल्या माणसाबरोबर काम केलंय का? बाई म्हणाल्या, फार नाही, तुम्ही सांगा, मी शिकेन. त्या उत्तरावर मी बसलो.

आधी नुसता श्वास आवरायला शिकवला. मग तो दिवस थोडा थोडा करून सांगायचा. जिथं घाम फुटेल तिथं थांबायचं, पाय जमिनीला लागलेत का बघायचं, परत पुढं. असं महिनोन्महिने. ह्यानं शरीराला कळत जातं की ती वेळ गेली. मी एकदा भडकलो. म्हटलं, बाई, कुठं गेली? दगड मारणारा अजून पारावर बसतो, मला बघून मिशीवर हात फिरवतो! बाई गप्प बसल्या. मग म्हणाल्या, त्याची भीती खरी आहे, ती ठेवा. किटलीची भीती तेवढी आपण काढू. एवढा फरक ज्याला कळतो, तो आपला डॉक्टर.

पैशाचं म्हणाल तर ऐका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ काढून वाचा. परवडणारा उपचार हा हक्क आहे, आणि जातीवरून भेद करायचा नाही हे त्यात शब्दानं लिहिलंय. १४४१६ ह्या सरकारी नंबरावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं, फुकट. सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे.

मी अजून बरा झालेलो नाही. गेल्या जयंतीला हलगीजवळ अर्धा तास उभा राहिलो, मग घरी गेलो. पण गेलो ते गावातल्याच रस्त्यानं.

कुणाला हात वर करायला लावणार नाही. मंगळवारी सकाळी नऊला मी दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभा असेन. सीपीआर तिथून चालत आहे. केसपेपरच्या रांगेत दोघं असलेलं बरं पडतं.