विहारात कराटे कशासाठी?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हांला वीस मिनिटे दिली आहेत. आम्ही तिघेजण इथे कराटे शिकवतो आणि तिघांच्या वतीने हे बोलणे आहे. आम्ही हात-पाय चालवणारी माणसे, तोंड चालवायचे म्हटले की घाम फुटतो. तरीही उभे राहिलो, कारण गेले काही महिने वाडीत आमच्या वर्गाविषयी जी चर्चा चालू आहे ती आमच्याही कानावर आली आहे. चर्चा अशी की, बुद्धविहार ही शांतीची जागा. तिथे रोज संध्याकाळी पोरंपोरी आरडाओरडा करून एकमेकांवर हात उगारतात, हे बरे दिसते का? शिवाय वर्षावासात संध्याकाळी ग्रंथवाचनाला सभागृह लागते. तेव्हा कराटेवाल्यांनी आपली सोय दुसरीकडे बघावी. असे म्हणणारे आमचे वडीलधारेच आहेत, परके कुणी नाहीत. म्हणून त्यांना चहाच्या टपरीवर उत्तर देण्यापेक्षा इथे सर्वांसमोर देतो.

सुरुवात विनयापासूनच करू. भिक्खूंच्या पाचित्तिय नियमांत 74 वा नियम असा आहे की, भिक्खूने रागावून, नाखूश होऊन दुसऱ्या भिक्खूवर प्रहार केला तर तो दोष. 75 वा त्याहून कडक. रागाने नुसता हात उगारला तरी दोष. इथपर्यंत आपले वडीलधारे म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. पण त्याच नियमाच्या खुलाशात विनयपिटक असेही सांगते की, कुणी छळत असताना त्यातून सुटण्याच्या हेतूने प्रहार केला, तर दोष नाही. भन्ते समोर बसले आहेत, आमचे सांगणे चुकत असेल तर त्यांनी आमचा कान धरावा. आणि बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केलेला आहे. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की आम्ही पोरांना यातले नेमके काय शिकवतो?

कराटे मूळचे ओकिनावा बेटावरचे. मुंबईच्या मानाने आपले कोकण तसेच जपानच्या मानाने ओकिनावा. समुद्राकाठचे, गरीब, पोटासाठी बाहेर जाणाऱ्या माणसांचे. तिथल्या शाळेत 1901 च्या सुमारास इतोसू नावाच्या गुरूंनी कराटे हा विषय आणला. त्यांचेच शिष्य गिचिन फुनाकोशी. हे पेशाने शाळामास्तर. 1922 साली त्यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवले आणि तिथून कराटे जपानभर गेले. पूर्वी 'कराटे' हा शब्द 'चिनी हात' या अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. पुढे त्याच उच्चाराचे दुसरे अक्षर घेतले आणि अर्थ झाला 'रिकामा हात'. हे रिकामेपणाचे अक्षर म्हणजे चिनी-जपानी बौद्ध ग्रंथांत 'शून्यता' या शब्दासाठी जे वापरतात तेच. फुनाकोशी 1957 साली वारले. त्यांचे स्मारक 1968 साली उभारले ते कामाकुरा येथील एन्गाकुजी या बौद्ध विहाराच्या आवारात, आणि त्या शिळेवर त्यांचे वचन कोरले आहे, की कराटेत पहिला वार नाही. तेव्हा विहार आणि कराटे यांची सोयरीक रत्नागिरीत आम्हीच पहिल्यांदा जुळवली, असे नाही.

इथे एक खुलासा करून पुढे जाऊ, कारण दरवर्षी कुणीतरी हे विचारतोच. बोधिधर्म हे भारतातून चीनला गेले आणि त्यांनीच शाओलिनच्या भिक्खूंना कराटे शिकवले, असे आपल्या मंडळींना फार आवडते. मध्यंतरी एका तमिळ चित्रपटाने ते आणखी पसरवले. आम्हांलाही ते खरे असते तर आनंद झाला असता. पण सातव्या शतकात दाओश्वान या चिनी भिक्खूने लिहिलेल्या चरित्रात बोधिधर्म ध्यानाचे आचार्य म्हणून येतात, पंच-किकचा तिथे पत्ता नाही. व्यायामाचा जो ग्रंथ त्यांच्या नावावर सांगतात तो सतराव्या शतकातला आहे. आपण तपासून घ्या म्हणणाऱ्या धम्माची माणसे. ऐकीव गोष्टीवर आपला वर्ग उभा करायची गरज नाही.

आता मुख्य विषय, फाईट. कराटेच्या भाषेत कुमिते. आक्षेप आहे तो मुख्यतः यावरच. काता केला, हवेत हात मारले, तर कुणाची हरकत नसते. दोन मुले समोरासमोर उभी राहिली की आयांच्या पोटात गोळा येतो. गंमत म्हणजे खुद्द फुनाकोशींनाही मोकळी फाईट फारशी पसंत नव्हती. ते गेले त्याच वर्षी, 1957 सालीच, त्यांच्या पुढच्या पिढीने जपानमध्ये पहिली मोठी स्पर्धा भरवली. म्हणजे हा वाद आपल्या वाडीत नव्याने निघालेला नाही.

आमच्या वर्गात पहिले तीन महिने फाईट नाही म्हणजे नाही. नंतर ठरवून. समोरचा पाच पावले पुढे येत पाच पंच मारणार, कुठे मारणार ते आधी सांगून; आपण पाच वेळा अडवायचे आणि शेवटी एकच उलट पंच. तो पंच समोरच्याच्या नाकापासून दोन बोटांवर थांबला पाहिजे. जपानीत याला सुनदोमे म्हणतात. 'सुन' म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर. ऐकायला सोपे आहे. करून बघा. पूर्ण जोरात निघालेला हात दोन बोटे अलीकडे थांबवायचा, तर कंबर, श्वास, पायाची पकड आणि डोके, सगळे ताब्यात असावे लागते. हळू मारून थांबवणे म्हणजे फसवणूक. जोरात मारून न थांबणे म्हणजे मारामारी. या दोहोंच्या मधली जागा सापडायला दोन वर्षे सहज जातात. आणि ज्याला राग आला आहे त्याचा हात थांबत नाही, हे आम्ही इतक्या वर्षांत शेकडो वेळा पाहिले आहे. रागावलेले पोर अंतर चुकते. म्हणून आम्हांला कुणाचा राग शोधत बसावा लागत नाही. मूठच सांगते. अशा वेळी त्या मुलाला बाजूला बसवून दुसऱ्यांच्या फाईटचे गुण मोजायला लावतो. ही आमच्याकडची सर्वांत मोठी शिक्षा.

लागते का? लागते. नखे कापलेली, तोंडात गार्ड, हातात ग्लोव्ह्ज, तरी बोट मुरगळते, ओठ फुटतो. पण पहिल्यांदा ओठ फुटला की पोराला एक गोष्ट कळते, की मार बसला तरी माणूस उभा राहू शकतो. सुरुवातीला पंच येताना सगळी मुले डोळे मिटतात. आमचे अर्धे शिक्षण डोळे उघडे ठेवायचेच आहे.

2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटे पहिल्यांदा आले. 7 ऑगस्टला 75 किलोवरील पुरुषांची अंतिम फाईट होती, सौदी अरेबियाचा तारेग हमेदी आणि इराणचा सज्जाद गंजजादे. हमेदी 4-1 असा पुढे होता. त्याची एक लाथ गंजजादेच्या डोक्याला अशी बसली की तो जागच्या जागी बेशुद्ध पडला. त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. बॉक्सिंग असते तर हमेदी तिथेच विजेता होता. पण पंचांनी त्याला जादा आघाताबद्दल बाद ठरवले आणि सुवर्णपदक मिळाले ते बेशुद्ध पडलेल्या गंजजादेला! दुसऱ्या दिवशी आमची पोरं तावातावाने भांडायला आली. "सर, पडला तो जिंकला? हा कुठला न्याय?" जगभर वाद झाला. लाथ तितकी बेफाम होती का यावर दोन मते असू शकतात. पण नियमाबद्दल आमचे मत पक्के आहे. ज्याला आपला पाय थांबवता आला नाही, त्याने कराटेत गुण मागू नयेत. आमच्या वर्गात तो व्हिडिओ आम्ही मुद्दाम दाखवतो.

ऑलिंपिकचे नाव निघालेच आहे तर पालकांना सांगून टाकतो. कराटे 2024 च्या पॅरिसमध्ये नव्हते, 2028 च्या लॉस एंजेलिसच्या यादीतही नाही. ते आशियाई स्पर्धांत 1994 पासून आहे. पण पदक, नोकरीतले गुण असे हिशेब करून मूल पाठवणार असाल तर आधीच विचार करा.

आता शिबिरांविषयी. आमच्या उमेदीच्या काळात मोठे सेन्सेई मुंबईला येत. मुंबईत परवेझ मिस्त्री यांच्यासारख्यांनी कराटे रुजवले होते, रत्नागिरीत मात्र पुस्तकातली चित्रे पाहून पाय उचलणारे जास्त. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायच्या आधी शिबिराला जायचे म्हणजे रात्रीची एसटी, कशेडीचा घाट आणि सकाळी अंग आंबलेल्या अवस्थेत थेट हॉलमध्ये. तिथे दोनशे माणसे. सेन्सेई प्रत्येकाजवळ अर्धे मिनिट येणार. एकदा त्यांनी आमची मागची टाच पायाने दाबून खाली टेकवली आणि पुढे गेले. बस्स, तेवढेच. साडेतीनशे किलोमीटर गेलो-आलो ते त्या टाचेसाठी. पण ती टाच आज आमच्या प्रत्येक मुलाची जमिनीवर आहे. शिबिराचा उपयोग हा असा. ज्याच्याकडे रोजचा सराव आहे त्याला दुरुस्ती मिळते. रोजचा सराव नाही त्याला फक्त प्रमाणपत्र मिळते, आणि तेही पैसे भरून. दर तीन महिन्यांनी रंग बदलणाऱ्या बेल्टबद्दल आम्ही जास्त बोलत नाही, पालक सुज्ञ आहेत.

डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीत जे घडले त्यानंतर शाळा-कॉलेजांतून मुलींसाठी स्वसंरक्षण शिबिरांची लाट आली. आम्हांलाही बोलावणी येतात. दोन दिवस, मैदानात दीडशे मुली, शेवटी फोटो. आम्ही जातो, नाही म्हणत नाही. पण दोन दिवसांत गळा पकडणाऱ्याला उलटा पाडायला शिकवले, असे कुणी सांगत असेल तर त्या मुलींचा घात करतो आहे. खोटा विश्वास हा भीतीपेक्षा वाईट.

मग थोडक्या वेळात काहीच होत नाही का? होते. कॅनडात तीन विद्यापीठांतल्या सुमारे नऊशे विद्यार्थिनींवर एक प्रयोग झाला, तो 2015 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना बारा तासांचे प्रशिक्षण दिले. वर्षभरात बलात्काराला बळी पडलेल्यांचे प्रमाण प्रशिक्षण न घेतलेल्यांत 9.8 टक्के होते, घेतलेल्यांत 5.2 टक्के. पण त्या बारा तासांत हात-पाय चालवणे हा एक भागच होता. बाकी वेळ होता तो धोका वेळेत ओळखायला आणि ओळखीच्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणायला. आपल्याकडेही सरकारी आकडे दरवर्षी सांगतात की अशा गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचेच असतात. अंधाऱ्या रस्त्यावरचा गुंड फार थोड्यांच्या वाट्याला येतो. शेजारी, नातेवाईक, शिकवणारे, हेच जास्त. त्यात आम्हीही आलो. म्हणूनच आमच्या वर्गात दार उघडे असते आणि कुणीही आई कधीही येऊन बसू शकते.

तुम्हांला ज्या ओरडण्याचा त्रास होतो, तो किआई. आम्ही सांगतो, मुली वर्गात येतात तेव्हा त्यांना पंच मारता येतो. ओरडता येत नाही. घरी, शाळेत, सगळीकडे हळू बोल, हळू बोल ऐकलेले. एक सातवीतली मुलगी दीड महिना नुसते ओठ हलवत होती. एके दिवशी तिचा आवाज निघाला आणि सगळा वर्ग थांबून टाळ्या वाजवायला लागला. त्या दिवशी बाहेर ओट्यावर बसलेल्या आजोबांनी आम्हांला हटकले होते, "काय रे, एवढा कसला गलका?" त्याचे उत्तर आज देतो. बाबा, तो आवाज तिचा होता.

शेवटी जागेचे. उन्हाळ्यात आम्ही भाट्याच्या वाळूत धावतो, सकाळी थिबा पॅलेसपर्यंत जातो, अडचण नाही. मे महिन्यात तर आंबा आणि चाकरमानी, वर्ग निम्मा रिकामाच असतो. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत रत्नागिरीच्या पावसात छप्पर हवेच. ड्रेस आठ-आठ दिवस वाळत नाहीत ते वेगळेच. नेमका तोच वर्षावासाचा काळ. आमचे म्हणणे असे: वर्ग साडेपाच ते पावणेसात. पावणेसातला मुलेच सभागृह झाडतील, सतरंज्या घालतील आणि सात वाजता ग्रंथवाचनाला बसतील. पहिल्या आठवड्यात आम्ही स्वतः उभे राहू. हे जमले नाही तर समितीने श्रावण पौर्णिमेला आमच्याकडून किल्ली परत घ्यावी.

आता मुले प्रात्यक्षिक दाखवणार आहेत. आधी काता, मग दोन मुलींची फाईट. पुढच्या दोन रांगांनी कृपया जरा मागे सरकावे, आणि लहान मुलांना मांडीवर घ्यावे. जयभीम.