वादळाची जात ओळखा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



समुद्रातले वादळ आपल्या कोरडवाहू रानाचे काय बिघडवणार, असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत आलो. सप्टेंबर २०२१ मध्ये बंगालच्या उपसागरात 'गुलाब' चक्रीवादळ उठले. २६ तारखेला ते आंध्रच्या किनाऱ्यावर आदळले. जमिनीवर त्याचा वारा मेला, पण ढग चालत राहिले. २८ तारखेला मराठवाड्यात नद्या फुगल्या, सोयाबीन पाण्यात गेले, कापसाची बोंडे झाडावरच सडली.

म्हणून वादळाची जात ओळखली पाहिजे. अमेरिकेत हरिकेन, चीन-जपानकडे टायफून, आपल्याकडे चक्रीवादळ. नावे तीन, वादळ एकच. समुद्राचे पाणी २६-२७ अंशांवर तापले की त्याच्या वाफेवर ते पोसते. घेर शेकडो किलोमीटर, आयुष्य कित्येक दिवसांचे. जमिनीवर आले की त्याचा चारा तुटतो.

वळवाच्या वादळाचे तसे नाही. ते आपल्याच तापलेल्या रानावर उभे राहते. दमट हवा वर चढते, ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो, त्यातून विजा आणि गारा. खेळ तासा-दोन तासांचा. एका शिवारात सत्यानाश, शेजारच्या गावात ऊन! अमेरिकेतला टोर्नेडोही बहुधा अशाच गडगडाटी ढगाच्या पोटातून निघतो.

जात वेगळी, तसा इशाराही वेगळा. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या 'फायलिन'च्या वेळी आधीच सुमारे दहा लाख लोक हलवले, मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. चक्रीवादळ तीन-चार दिवस आधी दिसते. गार नेमकी कोणत्या शिवारावर पडणार, हे मात्र जेमतेम दोन-तीन तास आधी कळते. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीत उभी ज्वारी झोपली, ती अशीच.

आमचे मागणे साधे आहे. चक्रीवादळाचा इशारा किनाऱ्यावरच संपवू नका. त्याचे ढग ज्या जिल्ह्यांवर येणार, तिथल्या गावागावात दवंडी द्या. चार दिवस मिळाले तर फुटलेला कापूस वेचून घरात येतो. गारांचा आणि विजांचा इशारा तर घटकाभरात भोंग्यावरून ऐकू आला पाहिजे.

आणि आपणही शिकू या. उपसागराची बातमी आली की वेचणी उरका. आभाळ गडगडले की झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. पीक पुन्हा पेरता येते, माणूस नाही.