संस्कृतींची पंगत

पंगतीला कोणास बोलवावें आणि कोणास वगळावें, हा प्रश्न यजमानाला नेहमींच अडचणींत टाकणारा असतो. पाटांची संख्या ठरलेली, आमंत्रणाची वाट पाहणारे अनेक, आणि जेवून गेलेल्यांपेक्षां न बोलावलेल्यांची आठवण गांव अधिक दिवस ठेवतो. हाच प्रश्न जगांतील मानवसंस्कृतींच्या बाबतींत उत्पन्न झाला, तर त्याचें उत्तर कोणी द्यावें? इतिहासकारांनीं, असें सहज वाटेल. परंतु गेलीं तीस वर्षें आणि वर कांहीं काळ, असंख्य तरुणांना हें उत्तर मिळत आलें आहे तें संगणकावरील खेळ रचणाऱ्यांकडून.

या खेळांचें बुद्धिबळाशीं दूरचें नातें आहे. खेळणारा एक संस्कृति निवडतो, रानांत पहिलें नगर वसवतो, शेती, लेखनकला, धातुविद्या अशा पायऱ्या चढतो, आणि शेजाऱ्यांशीं कधीं तह तर कधीं युद्ध करीत आपलें राष्ट्र शतकानुशतकें पुढें नेतो. फरक एवढाच, कीं बुद्धिबळाच्या मोहऱ्यांना कुळ नसतें. येथें प्रत्येक पक्षाला खऱ्या लोकांचें नांव असतें. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनीं रचलेला 'सिव्हिलायझेशन' हा या जातीचा सुप्रसिद्ध खेळ सन १९९१ मध्यें बाहेर पडला. त्यांत चौदा नांवें होतीं : अमेरिकन, अझ्टेक, बाबिलोनी, चिनी, मिसरी, इंग्रज, फ्रेंच, जर्मन, ग्रीक, भारतीय, मंगोल, रोमन, रशियन आणि झुलु. रंग सात आणि प्रत्येक रंगाचे वांटेकरी दोन, अशी व्यवस्था होती. भारतीय आणि मंगोल एका रंगाचे, तर बाबिलोनी आणि झुलु दुसऱ्या. म्हणजे चौदा हा आंकडा इतिहासानें दिलेला नव्हता. रचनेच्या सोयीशीं त्याची सांगड होती. डावाचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००० मध्यें होई, आणि त्या काळीं अमेरिकनांचे नायक लिंकन व भारतीयांचे नायक महात्मा गांधी असत! खेळाला एवढी मोकळीक कोणीहि देईल. पण चौदा नांवें घेतलीं, कीं उरलेल्या सर्वांना दाराबाहेर ठेवलें, ही गोष्ट मोकळिकीनें झांकली जात नाहीं.

निवडीच्या कसोट्या साधारणतः तीन दिसतात. पहिली कीर्तीची. खेळणाऱ्यानें शाळेंत ज्यांचीं नांवें ऐकलीं ते आधीं येतात. परंतु कीर्ति ही बहुधा दगडाची आणि लेखाची मुलगी असते. ज्यांनीं लांकडाचीं घरें बांधलीं आणि आपला इतिहास मुखानेंच पुढच्या पिढीस सांगितला, त्यांना तिच्या दरबारांत उभें राहणेंहि कठीण जातें.

दुसरी कसोटी भूगोलाची. प्रत्येक खंडाला निदान एक पान मांडलें पाहिजे, असा तिचा न्याय. परंतु १९९१ च्या यादींत सहाराच्या दक्षिणेकडील सारी आफ्रिका एकट्या झुलूंच्या खांद्यावर होती. माली, बेनिन, इथिओपिया यांपैकीं एकाचाहि उल्लेख नव्हता. एका पाहुण्यानें साऱ्या गांवाच्या वतीनें जेवावें, असाच हा प्रकार.

तिसरी कसोटी काळाची, आणि तिचा अनुभव आपल्याकडील श्रोत्यांना अधिक जवळचा वाटेल. 'एज ऑफ एंपायर्स' या खेळाचा दुसरा भाग १९९९ सालीं निघाला. त्याचा विषय मध्ययुग. तेरा संस्कृतींत चिनी, जपानी, मंगोल, इराणी होते. भारतांतील एकहि नव्हती. ज्या युगांत राष्ट्रकूट, चोळ आणि देवगिरीचे यादव होऊन गेले तेंच हें युग. पुढें २०१३ मध्यें 'भारतीय' असें एकच नांव आलें, आणि २०२२ मध्यें त्याची फोड होऊन हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार विभाग झाले. या चारांत दक्षिणेंतील यादवांचें घर नेमकें कोणतें, हें सांगणें अवघडच. उलट 'एंपायर : टोटल वॉर' हा २००९ चा खेळ इ. स. १७०० पासून सुरू होतो, आणि त्यांत मराठे हा खेळण्याजोगा पक्ष आहे. त्याच वर्षीं राजाराम महाराज निवर्तले आणि ताराबाईंनीं औरंगजेबाविरुद्धच्या झुंजीची सूत्रें हातीं घेतलीं. प्रारंभाचें वर्ष बदललें, कीं पाहुण्यांची यादी बदलते; लोकांची योग्यता मात्र तीच असते.

येथवरचा वाद पाटाचा झाला. पानांत काय वाढलें, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. पहिल्या खेळांत सर्वांना नियम सारखेच होते. २००१ मध्यें आलेल्या तिसऱ्या 'सिव्हिलायझेशन'नें प्रत्येक संस्कृतीला खास गुण आणि खास सैनिक दिले. भारतीय हे व्यापारी व धर्मशील ठरले, त्यांच्या वांट्याला लढाऊ हत्ती आला, आणि त्या हत्तींचे सेनापति म्हणून महात्मा गांधीच उभे राहिले! संस्कृतीला दोन विशेषणांत बसवूं गेलें कीं असे विनोद घडतात. गांधींच्या वांट्याचा विनोद हंसून सोडतां येतो. सर्वांचा येत नाहीं.

कारण रोम किंवा बाबिलोन तक्रार करावयास येत नाहींत. पण कांहीं संस्कृति आजहि नांदत आहेत. अमेरिकेंतील न्यू मेक्सिको प्रांतांत प्वेब्लो लोक राहतात. त्यांचा पुढारी पोपे यानें १६८० मध्यें स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव करून ती बारा वर्षें दूर ठेवली. पांचव्या 'सिव्हिलायझेशन'च्या २०१३ मधील पुरवणींत त्याला नायक करण्याचा रचनाकारांचा विचार होता. प्वेब्लोंच्या पंचायतीनें सांगितलें, कीं त्याचें असें चित्रण आमच्या परंपरेंत बसत नाहीं. रचनाकारांनीं तो मान राखला, आणि त्या जागीं शोशोनी लोक व त्यांचा पुढारी पोकाटेलो आले. आमंत्रण नाकारण्याचाहि अधिकार पाहुण्याला असतो, हें येथें दिसून आलें.

कॅनडांतील क्री लोकांची गोष्ट याहून कडू आहे. त्यांचा पुढारी पाउंडमेकर हा १८८५ च्या संघर्षांत माघार घेणाऱ्या सरकारी सैन्याचा पाठलाग करूं नका, असें आपल्या माणसांना सांगणारा. तरी त्यालाच राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली. २०१८ मध्यें सहाव्या खेळाच्या पुरवणींत तो नायक म्हणून अवतरला. त्याच्याच नांवाच्या क्री वस्तीच्या एका पुढाऱ्यानें तेव्हां जाहीर आक्षेप घेतला, कीं दुसऱ्यांच्या भूमी जिंकून वाढणें हा वसाहतवाल्यांचा धर्म, आमचा नव्हे. या खेळानें तो आमच्या माथीं मारला. कॅनडाच्या सरकारनें पाउंडमेकरला निर्दोष ठरविलें तें पुढच्या वर्षीं, २०१९ मध्यें. खेळानें त्याचा गौरव सरकारच्याहि आधीं केला, आणि तरीहि तो त्याच्या वंशजांना दुखवून गेला.

या विरोधाचें मूळ यादींत नाहीं, नियमांत आहे. नगरें वाढवावीं, सीमा रुंदावाव्या, शास्त्रांत पुढें जावें आणि शेवटीं कोणी तरी एकट्यानें जिंकावें, हें ज्या खेळाचें माप आहे, तेथें पाहुणा कोणीहि असो, पान एकाच पद्धतीनें वाढलें जातें. नांवें चौदांचीं चाळीस केलीं म्हणून हा पंक्तिप्रपंच संपत नाहीं. ज्यांनीं भूमीची मालकी मानली नाहीं, त्यांना भूमी बळकावल्याबद्दल गुण देणें हा सन्मान कसा म्हणावा?

मग उपाय कोणता? २०२५ मध्यें आलेल्या सातव्या 'सिव्हिलायझेशन'मध्यें त्याच्या दोन खुणा दिसतात. इतिहासाचीं तीन युगें कल्पून तेथें भारताच्या नांवानें मौर्य, चोळ आणि मोगल अशीं तीन निरनिराळीं पानें मांडलीं आहेत. सहा हजार वर्षें एकच भारत चालला, हा जुना भास त्यामुळें मावळला. दुसरी खूण अधिक मोलाची. शॉनी लोकांचा १८१३ मध्यें रणांत पडलेला पुढारी टेकुमसे याला आणतांना रचनाकारांनीं शॉनी लोकांच्याच शासनाशीं सहकार्य केलें, आणि तो नायक खेळांत शॉनी भाषेंत बोलतो. जी भाषा बोलणारीं माणसें आज फार थोडीं उरलीं आहेत, ती दूरदेशींच्या मुलांच्या कानीं पडते. हें विजयाच्या कोणत्याहि गुणापेक्षां मोठें देणें होय.

जगांतील सर्व लोकांना पुरेल एवढी पंगत कोणताहि खेळ मांडूं शकणार नाहीं, आणि त्याचा दोष कोणी देऊंहि नये. परंतु ज्यांच्या नांवानें पान मांडावयाचें ते हयात असतील, तर पान मांडण्यापूर्वीं त्यांना विचारावें, आणि त्यांना जें पचत नाहीं तें वाढूं नये. यजमानधर्म याहून निराळा नाहीं.